अस्के दात दिसले

आमच्या कुंभकोणमच्या घरात ‘काही नाही’ म्हणायला बंदी आहे. बंदी घातली माझ्या सासऱ्यांनी. त्यांना मी मामंजी म्हणते. वय एक्क्याऐंशी, उजवा कान पूर्ण गेलेला, डावा रडतखडत चालणारा, आणि नजर अशी की समोरच्या ओसरीवर कोण हसलं ते इथून दिसावं. कोणी हसलं की त्यांचा सवाल ठरलेला, “काय होलं?” होलं म्हणजे झालं. माझं माहेर सांगलीचं, त्यामुळे पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात मुरलेली इथली मराठी अंगवळणी पडायला मला दोन वर्षं लागली.

समोरचा चुकून ‘काही नाही’ म्हणाला, की संपलंच. “काही नाही कसं? अस्के दात दिसले!” अस्के म्हणजे सगळे. मग तो विनोद पहिल्यापासून सांगावा लागतो, आणि ऐकून वर मामंजीच रागावतात, “ह्याला हसलात?”

कानाचं मशीन आहे. ते देवघराच्या कोनाड्यात बसलेलं असतं. लावलं की मिक्सर, पंखा, रस्त्यावरचे हॉर्न असं सगळं कानात घुसतं आणि माणसाचं बोलणं तेवढं बाहेर राहतं. पण हे लोकांच्या डोक्यात शिरेल तर शपथ! जो तो येतो आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोंबलतो. अहो, ओरडलं की शब्द फाटतो, आणि कानाशी गेलात तर ओठ कसे दिसणार? ते ओठ वाचतात! समोर उभं राहून सावकाश बोललात तर तुमचं काय झिजतं?

तपासायला गेलो, तर डॉक्टरीणबाई मास्कच्या आडून सगळं माझ्याशीच बोलल्या. ह्यांना कधीपासून ऐकू येत नाही, ह्यांना चक्कर येते का. ‘ह्यांना’ शेजारच्याच खुर्चीत बसले होते. शेवटी मामंजींनी टेबलावर थाप मारली. “कान माझा, आणि विचारणं हिला?” मला त्यांचा फार अभिमान वाटला.

तरी ओठ वाचण्यातही गोची आहे. प आणि म ओठांवर सारखेच दिसतात. इथे ताकाला मोर म्हणतात. एकदा वाढताना मी विचारलं, “मामंजी, मोर हवं?” ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हात धुतला, शर्ट चढवला आणि बस पकडून तिरुक्करुगावूरला गेले. तिथल्या देवीचं तूप मूल व्हावं म्हणून बायका खातात. संध्याकाळी तुपाची डबी माझ्या हातात! “पोर हवं म्हणलीस नव्हे?” मी एकोणपन्नास वर्षांची, मुलगा नोकरीला लागलेला. आणि हे येताना गल्लीभर सांगून आलेले. आठवडाभर बायका माझ्या पोटाकडे बघत होत्या.

पण खरी भांडणं पौर्णिमेला. त्या दिवशी तिरुविडैमरुदूरहून अक्कांचा फोन येतो. अक्का म्हणजे मामंजींची थोरली बहीण, नव्वदीला टेकलेल्या. फोनमध्ये ओठ नसतात. म्हणून गेली सहा वर्षं फोन माझ्या कानाला आणि मामंजी माझ्या तोंडासमोर स्टुलावर. अक्का दहा मिनिटं बोलतात, मी सांगते, “बऱ्या आहेत. गुडघा दुखतो म्हणतात.”

“बाकी?”

“बाकी काही नाही.”

मागच्या पौर्णिमेला ह्यावरून त्यांचा पारा चढला. “दहा मिनिटं ऐकलीस आणि दोन गोष्टी सांगितलीस! माझ्या अक्काचं बोलणं, तू का ठेवून घेतीस?”

मीही भडकले. गॅसवर सांबार उतू जात होतं, आणि मी काय चोर आहे? शब्दन् शब्द हवा ना? घ्या! अक्का प्रत्येक फोन एकाच वाक्यावर संपवतात, आणि नेमकं तेच मी सहा वर्षं गाळत आले होते. त्यात मामंजींचं नाव आहे. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं, आणि तेही अरे-तुरे करून? पण त्या दिवशी राग तोंडापर्यंत आला होता. मी त्यांच्यासमोर उजेडात उभी राहिले आणि अक्षर अक्षर सुटं करून म्हटलं, “गुंडू, पोट भरून जेवलास का रे?”

म्हटलं आणि जीभ चावली.

मामंजींना ह्या नावानं हाक मारणारं अक्कांशिवाय आता कोणी उरलेलं नाही, हे मला तेव्हा उमगलं. सहा वर्षं त्यांची बहीण त्यांना हाक मारत होती आणि ती मी मधेच गिळत होते. जगाला शहाणपण शिकवणारी मी! स्वतःचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

“ऐकू आलं नाही,” मामंजी म्हणाले. “पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हटलं. ह्या वेळी त्यांनी डावा कान पुढे केला होता आणि डोळे मिटले होते.

“नाही आलं ऐकू.”

तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा त्यांचे होते नव्हते तेवढे अस्के दात दिसले. तेवढ्यात माझा नवरा बाहेरून आला. वडिलांचा चेहरा बघून तो दारातच थांबला. “काय होलं, अप्पा?”

मामंजींनी डोळे पुसले.

“काही नाही,” ते म्हणाले.