कॅप्टन खांबेटे, मुक्काम सांगली

दिनकरराव खांबेटे वोल्फ्सबुर्गला लेकीकडे आले त्याला सहा आठवडे झाले होते, आणि एवढ्या काळात त्यांना जर्मन भाषेतले तीन शब्द येऊ लागले होते: जा, गेनाऊ आणि आल्झो. म्हणजे अनुक्रमे हो, बरोबर आणि तर मग. हे तीन शब्द त्यांना नातीनं, आठ वर्षांच्या ईश्वरीनं शिकवले होते. दिनकररावांचा हिशेब साधा होता. सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं काढताना त्यांनी पाहिलं होतं, की पलीकडच्या माणसाला बहुतेक वेळा उत्तर नको असतं, आपण ऐकतोय एवढंच कळायला हवं असतं.

या तीन शब्दांवर त्यांनी एक जर्मन मित्रसुद्धा जोडला होता. लेकीच्या घरापासून दहा मिनिटांवर, कालव्याला लागून बोटींचं एक छोटंसं बंदर होतं. बंदर म्हणायचं एवढंच. खरं तर तो बोटींचा सायकल स्टँडच. सव्वीस बोटी ओळीनं दोरांनी बांधलेल्या, समोर एक बाक, आणि बाकावर रोज सकाळी हेर, म्हणजे श्रीयुत, लोरेन्झ. सत्तरीचे, भरघोस पांढऱ्या मिशांचे, डोक्यावर निळी कॅप्टनची टोपी. अकरा नंबरची बोट त्यांची. ते वर्तमानपत्र उघडून बातमीवर बोट ठेवत आणि जर्मनमध्ये मत देत. दिनकरराव "जा, जा, गेनाऊ" म्हणत आणि मग आपलं मत मराठीत मांडत. दोघांचंही समाधान व्हायचं.

२००९ चा मे महिना होता, त्यामुळे बातम्यांना तोटा नव्हता. बँका बुडत होत्या, कारखान्यांत कामाचे तास कमी केले होते, आणि जुनी गाडी भंगारात द्या, नवी घेताना सरकार पैसे देईल, अशी योजना जोरात होती. नऊ वर्षांची धडधाकट गाडी चेचून टाकतात, हे फोटोत पाहून दिनकररावांना रात्रीचं जेवण गोड लागलं नव्हतं. सांगलीत नऊ वर्षांची गाडी म्हणजे लग्नाळू. मध्यंतरी भारतातल्या निवडणुकीचा निकाल लागला, तेव्हा त्यांनी साखरेचे चौकोनी खडे मांडून आघाडी सरकार म्हणजे काय ते लोरेन्झना समजावलं. लोरेन्झनी ते टक लावून पाहिलं, त्यातला एक खडा उचलून कॉफीत टाकला, आणि जोरजोरात मान हलवली. त्यांच्याकडेही आघाडीचंच सरकार होतं.

त्या शनिवारी लोरेन्झनी त्यांना पहिल्यांदाच बोटीवर बोलावलं. आत मऊ गाद्या, छोटं टेबल, चकचकीत स्टिअरिंग. दिनकररावांना बसवून, दोन बोटांनी कप धरल्याची खूण करून लोरेन्झ कॉफी आणायला क्लबहाउसकडे गेले. दिनकरराव एकटेच राहिले. ऊन छान पडलं होतं. परमुलखात आपल्याला कुणीतरी हौसेनं घरात, नव्हे बोटीत, बोलावलं, याचं त्यांना फार बरं वाटत होतं.

एवढ्यात शेजारच्या बोटीवरच्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, ब्रांडेस हातात पावाची पिशवी घेऊन आल्या. त्यांनी अकरा नंबरच्या बोटीत माणूस पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी लगबगीनं काहीतरी विचारलं.

"जा," दिनकरराव म्हणाले.

बाईंनी आणखी खुशीत येऊन दुसरा प्रश्न विचारला.

"जा, जा. गेनाऊ."

बाईंनी पावाची पिशवी खाली ठेवली, वाकून पुढचा दोर सोडला, मग मागचा सोडला, दोन्ही नीट गुंडाळून बोटीत टाकले आणि बोटीला पायानं एक प्रेमळ धक्का दिला. मग हात हलवून आपल्या बोटीत शिरल्या.

आता कुणालाही वाटेल, की माणूस इथं ओरडेल. पण दिनकररावांची दोन आठवड्यांपूर्वीची एक जखम ओली होती. रविवारी दुपारी ते लोणच्याची रिकामी बरणी काचा टाकायच्या कचरापेटीत टाकायला गेले होते, तेव्हा एका गृहस्थानं त्यांना पाच मिनिटं नियम ऐकवले होते. रविवारी आवाज करायचा नसतो. तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं, या देशात प्रत्येक गोष्टीचा काहीतरी नियम असतो आणि तो आपल्याला ठाऊक नसतो. शनिवारी अकरा वाजता बोटी सोडून धुवायच्या असतील. ते गप्प बसून राहिले.

बोट दहा फूट गेली, मग वीस. मागून वारा होता. काठावरून कुत्रं फिरवणाऱ्या एका जोडप्यानं हाक मारून काही विचारलं. "जा, गेनाऊ," दिनकररावांनी हात वर करून सांगितलं. जोडप्यानंही हात हलवला. दिनकररावांनी मागं वळून पाहिलं, तर बंदराचं तोंड जवळ येत होतं आणि त्यापलीकडे मोठा कालवा होता. आणि त्या कालव्यातून, शेतातून रेल्वे यावी तसा, एक लांबलचक मालवाहू पडाव येत होता. त्यावर चेचलेल्या गाड्यांचे ढीग होते.

तेव्हा मात्र दिनकररावांना कळलं, की हा नियम नाही, हा घोटाळा आहे. त्यांना पोहता येत नव्हतं. कृष्णाकाठी जन्म काढूनही ते कधी कमरेच्या वर पाण्यात गेले नव्हते.

"अहो," ते काठाकडे बघून मराठीत म्हणाले, "कुणीतरी या हो."

लोरेन्झ दोन कप घेऊन परतले, तर अकरा नंबरच्या जागी नुसतं पाणी. त्यांनी कप जमिनीवर ठेवले. फ्राऊ ब्रांडेस बाहेर आल्या. दोघांत जे बोलणं झालं ते दिनकररावांना ऐकू आलं नाही, पण बाईंचा हात तोंडाकडे गेलेला दिसला. लगेच त्यांनी आपली रबरी होडी पाण्यात टाकली, लोरेन्झना तीत बसवलं आणि सपासप वल्ही मारायला लागल्या. लोरेन्झ होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे मिटून बसले होते. एवढा दर्यावर्दी माणूस डोळे का मिटतो, असा विचार दिनकररावांच्या मनात येऊन गेला.

लोरेन्झ बोटीवर चढले. बाईंनी दोर टाका, ओढून नेते, अशी खूण केली. पण तोवर काठावर सात-आठ माणसं जमली होती. लोरेन्झनी टोपी सारखी केली आणि भारदस्त आवाजात "डांके, डांके", म्हणजे आभार, म्हणत बाईंना परत पाठवलं. बाई मुकाट्यानं वल्ही मारत गेल्या.

दिनकररावांचा जीव भांड्यात पडला. आता कॅप्टन आला होता.

कॅप्टननं खिशातून किल्ली काढली. स्टिअरिंगपाशी गेला. उभा राहिला. मग त्यानं खणातून एक जाड माहितीपुस्तक काढलं. ते अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात होतं. लोरेन्झनी दिनकररावांकडे पाहिलं, किल्लीकडे बोट दाखवलं, स्वतःच्या छातीकडे दाखवलं आणि मान हळूहळू, नकारार्थी, डावीकडून उजवीकडे नेली.

हे समजायला भाषा लागत नव्हती. रोज कॅप्टनची टोपी घालणाऱ्या या माणसानं बोट कधी चालवलीच नव्हती.

"आल्झो," दिनकरराव म्हणाले. तर मग. दुसरा शब्दच नव्हता.

पडावानं भोंगा वाजवला. तो बंदराच्या तोंडासमोरून सरकत गेला, आणि शेकडो भंगार गाड्यांच्या वजनानं उठलेली लाट आत शिरून बोटीला लागली. दोघं एकमेकांना धरून खाली बसले. बोट गिरकी घेऊन चार हात मागं, बंदरात ढकलली गेली. भंगार गाड्यांबद्दल सहा आठवडे हळहळणाऱ्या दिनकररावांनी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

"अहो, निघालात कुठं?"

धक्क्यावर दिनकररावांच्या पत्नी चारुलताबाई उभ्या होत्या. साडी, पायांत बूट, एका हातात लोरेन्झसाठी आणलेल्या थालीपिठांचा डबा, दुसऱ्या हातात ईश्वरी.

"मी नाही निघालो. त्या बाईंनी सोडलं मला," दिनकरराव म्हणाले.

ईश्वरी फ्राऊ ब्रांडेसशी बोलून आली. एरवी ती आजी-आजोबांना जर्मनमध्येच उत्तरं द्यायची, पण आज प्रसंग ओळखून तिनं मराठी काढलं. "आजोबा, ती म्हणते, मी विचारलं तुम्ही फायनली आज बाहेर जाणार का, तर तू म्हटला हो. मग विचारलं दोर सोडू का, तर तू म्हटला हो, बरोबर."

चारुलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एकोणचाळीस वर्षांचा संसार त्या नजरेत होता. "गॅस बंद केला का विचारलं तरी असंच म्हणतात," त्या नातीला म्हणाल्या. मग आवाज चढवून, "मशीन चालू करा म्हणावं त्यांना."

"नाही होत ते."

"का?"

दिनकररावांनी लोरेन्झकडे पाहिलं. लोरेन्झची नजर काठावरच्या लोकांवर होती आणि त्यांचे कान लाल झाले होते. इतके दिवस रोज सकाळी या माणसानं बाकावर त्यांच्यासाठी जागा राखली होती. इथं यायच्या आधी दिनकररावांना दुपार कशी घालवायची हे कळत नव्हतं. आता सकाळ कधी होते असं व्हायचं.

"पेट्रोल वाचवतायत," ते म्हणाले. "मंदी आहे ना."

"बरं," चारुलताबाई म्हणाल्या. "मग ती कडेला आकडी आहे ती घ्या. आपण शेवग्याच्या शेंगा काढतो तशी. त्या शेवटच्या बोटीच्या कठड्याला अडकवा आणि ओढा."

बोटीच्या कडेला खरोखरच एक लांब दांडा होता, टोकाला आकडा. शेवग्याच्या बाबतीत दिनकरराव सांगलीत वाड्याबाहेरही नावाजलेले होते. त्यांनी दांडा उचलला, नेम धरला आणि पहिल्याच झटक्यात शेवटच्या बोटीचा कठडा धरला. ओढलं. बोट आज्ञाधारकपणे सरकली. मग लोरेन्झनी हातानं तो कठडा धरून ठेवला आणि दिनकररावांनी पुढच्या बोटीला आकडी घातली.

सव्वीस नंबरपासून अकरापर्यंत पंधरा बोटी होत्या. दर बोटीतून कुणी ना कुणी डोकं बाहेर काढायचं, हसायचं आणि लोरेन्झना काही म्हणायचं. लोरेन्झ आधी दबकत, मग हळूहळू मोकळेपणानं उत्तरं द्यायला लागले. अठरा नंबरवर एकानं त्यांच्या हातात बिस्किटं ठेवली. चौदा नंबरच्या आजींनी टाळ्या वाजवल्या. ईश्वरी धक्क्यावरून सोबत पळत होती. "आजोबा, सगळे म्हणतात, भारतात असंच चालवतात का?"

"जा," दिनकरराव धापा टाकत म्हणाले.

बोट जागेवर लागली. दोर बांधले. आणि तेवढ्यात हातात फाइल घेऊन बंदराचे प्रमुख, हाफेनमाइस्टर, आले. गंभीर चेहऱ्याचे, उंचेपुरे. लोरेन्झचा रंग उडाला. मोटरबोट चालवायला परवाना लागतो, आणि तो त्यांच्याकडे नव्हता, हे ईश्वरीनं पुढच्या दोन वाक्यांत आजी-आजोबांना सांगितलं.

"इंजिन चालू होतं का?" हाफेनमाइस्टरनी विचारलं. ईश्वरीनं तेही सांगितलं.

"नव्हतं," फ्राऊ ब्रांडेस तत्परतेनं म्हणाल्या.

हाफेनमाइस्टर विचारात पडले. मग त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. हातानं ओढून नेलेली बोट ही चालवलेली बोट नव्हे, तिला परवाना लागत नाही. मात्र बोट जागेवरून हलली तर नोंदवहीत नोंद हवीच. त्यांनी वही लोरेन्झसमोर धरली, आणि जवळ येऊन अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणाले.

"तो म्हणतो," ईश्वरीनं खणखणीत आवाजात सांगितलं, "यंदा ही पहिलीच बोट हलली. सगळे नुसतं बसतात. दोन वर्षं वहीत काहीच लिहिलं नाही. लोकांना भीती वाटते आणि ते कुणाला सांगत नाहीत. तो स्वतः पण पोहू नाही शकत. हे कुणाला सांगू नका."

मराठी कळणारं तिथं कुणी नव्हतं, हे त्या बंदराचं नशीब.

लोरेन्झ इतके हसले, की त्यांची टोपी पाण्यात पडली. दिनकररावांनी ती आकडीनं काढून दिली. लोरेन्झनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बरंच काही बोलले.

"तो म्हणतो," ईश्वरी म्हणाली, "सहा वर्षं मी बाकावर बसून सगळ्या जगाच्या चुका काढल्या. आज मला तू बाकावरून उठवलं. थँक यू. आणि तू माझं कुणाला सांगितलं नाहीस, त्याचं पण थँक यू."

दिनकररावांनी चारुलताबाईंच्या हातातला डबा घेऊन लोरेन्झपुढे धरला. "थालीपीठ," ते म्हणाले. "गरम होतं मघाशी."

नोंदीचा प्रश्न उरला होता. बोट सुटली तेव्हा तीवर कोण होतं? एकच माणूस. नियम स्पष्ट होता. हाफेनमाइस्टरनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: बोट क्रमांक अकरा, धक्का ते बंदराचं तोंड आणि परत, कॅप्टन खांबेटे, सांगली. दिनकररावांनी पासपोर्टवर करतात तशी सही केली.

पुढच्या शनिवारी सकाळी लेकीच्या, उल्काच्या दाराची बेल वाजली. दारात चौदा नंबरच्या आजी, अठरा नंबरचे बिस्किटवाले गृहस्थ आणि मागे, फाइल काखेत मारून, खुद्द हाफेनमाइस्टर उभे होते. तिघं उल्काशी बराच वेळ बोलले. उल्का आत आली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं.

"बाबा, त्यांना पण आपापल्या बोटीतून बंदराला एक चक्कर मारायचीय. तुमच्यासारखी, आकडीनं. कॅप्टन खांबेटेंना आज वेळ आहे का, विचारतायत."

दिनकररावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. चारुलताबाई डबा भरत होत्या.

"आधी आपल्यातल्या कुणाला पोहता येतं का, ते विचार," त्या म्हणाल्या.

उल्कानं विचारलं. दारातल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि हाफेनमाइस्टर घसा खाकरून म्हणाले, की त्याची सोय झाली आहे: सोमवारपासून शहराच्या तरणतलावात ज्येष्ठांसाठी वर्ग आहे, हेर लोरेन्झ यांनी पाच नावं दिली आहेत, आणि पहिलं नाव कॅप्टनचं आहे.