काकासाहेबांच्या मोटारीचा काटा

मोटारीतलं आपल्याला सगळं कळतं, असं काकासाहेबांचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं. मोटार दारात येऊन अजून एक पावसाळाही धड उलटला नव्हता, पण मत बनवायला त्यांना कधीच फार वेळ लागत नसे. ज्यानं जन्मभर बैल राखले त्याला मोटारीचं काय अवघड, असं ते मिरजगावच्या पारावर सांगत. बैलाला वैरण, हिला पेट्रोल. बैलाला पाणी, हिलाही पाणी. बैल दमला की तोंडाला फेस, ही दमली की नाकातून वाफ. फरक इतकाच, की बैल मालकाला ओळखतो. हे शेवटचं मात्र ते पारावर बोलत नसत, मनातच ठेवत.

मोटार काळी, गोल पाठीची, नगरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. डॉक्टरांना डोळ्यांनी दिसेनासं झालं म्हणून त्यांनी ती विकली आणि काकासाहेबांनी डोळे मिटून घेतली. त्याआधी विहिरीवर इंजिन बसलं होतं, नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येऊ लागला होता, तेव्हा त्यांनी बैलजोडी विकून टाकली. विकली घोडेगावच्या बाजारात, आणि तीही स्वतःच्या व्याह्यांच्या मध्यस्थीनं. राधाकृष्ण व्याही जनावरांचे दलाल. दात बघून बैलाचं वय सांगत आणि चालणं बघून मालकाची नियत. जोडी विकू नका, गोठा रिकामा झाला की माणसाला करमत नाही, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. त्यावर काकासाहेब भर बाजारात म्हणाले होते, "व्याही, ह्ये जुनं सगळं आता सोडायचं. पूजा, नैवेद्य, घुंगरं, झुली, समदं बंद. आता यंत्राचा जमाना हाय."

हे बोलणं त्यांना पुढं महागात पडणार होतं. पण बोलताना माणसाला एवढं कुठं कळतं?

तर त्या वर्षी त्यांची लेक चांगुणा सातव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा बापानं जाऊन तिला घोडेगावहून आणायचं होतं. आता घोडेगावहून मिरजगावला यायचं म्हणजे यष्टीनं नगर, तिथं उतरून दुसरी यष्टी, आणि दोन्हींत बसायला जागा मिळाली तर मिळाली. माझी पोटुशी लेक नगरच्या स्टँडवर गाठोड्यावर बसून राहणार नाही, असं काकासाहेबांनी जाहीर केलं. ती व्याह्यांच्या अंगणात मोटारीत चढेल ती माझ्या अंगणात उतरेल! हा निरोप त्यांनी घोडेगावला जाणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर धाडला. त्यामुळं ते निघाले त्या दिवशी निम्म्या घोडेगावाला ते येणार हे माहीत होतं, आणि उरलेल्या निम्म्याला बाजार असल्यामुळं कळायला वेळ लागला नाही.

त्यांच्या बायकोनं, रंगूबाईंनी, मागच्या सीटवर गोधडी अंथरून दिली. मंडळी निघाली, म्हणजे एकटे काकासाहेबच निघाले, पण फेटा असा बांधला होता की मोटार भरल्यासारखी दिसत होती. नगर मागं पडलं. इमामपूरचा घाट लागला आणि तिथं काकासाहेबांचं लक्ष समोरच्या गोल घड्याळाकडं गेलं.

मोटार विकताना डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. हा तेलाच्या दाबाचा काटा. बाकी काहीही बिघडू द्या, पण हा खाली पडला तर तिथल्या तिथं थांबा. तेल वर फिरत नाही, आतलं लोखंड लोखंडावर कोरडं घासतंय, असा त्याचा अर्थ. तसंच दामटलंत तर इंजिन जळेल. आणि आता तो काटा आजाऱ्यानं मान टाकावी तसा हळूहळू खाली येत होता.

काकासाहेबांनी काचेवर टिचकी मारली. काटा आणखी खाली आला. मग त्यांनी बैलाला करतात तेच केलं. चढ संपल्यावर गाडी बाभळीखाली उभी केली, जू उतरवावं तसं बानेट उघडून ठेवलं आणि स्वतः विडी ओढत बसले. विश्रांती मानवली! पुन्हा सुरू केल्यावर काटा बऱ्यापैकी वर उभा राहिला. पण गाडी तापली तशी त्यानं पुन्हा मान टाकली. अशी विश्रांती घेत घेत, शेवटी इंजिनातून लोहाराच्या दुकानासारखा टकटकाट करत, काकासाहेब व्याह्यांच्या अंगणात पोचले तेव्हा काटा सपशेल झोपला होता.

राधाकृष्ण व्याह्यांनी रामराम केला, पाणी दिलं आणि मोटारीभोवती एक फेरी मारली. खाली वाकून पोट बघितलं, चाकावर हात फिरवला. मग आत डोकावून त्यांनी विचारलं, हा काटा का निजलाय? काकासाहेबांना गप्प बसता आलं असतं. पण समोरच्याला समजावून सांगायची संधी त्यांनी आयुष्यात कधी सोडली नव्हती. त्यांनी तेलाचा दाब, कोरडं लोखंड, जळणारं इंजिन, सगळं सविस्तर सांगितलं. व्याह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे वाटंतच बंद पडनार," ते म्हणाले. "पाव्हनं, पोरगी तुमची, पर पोटातलं आमचं बी हाय. काटा उभा ऱ्हायला तर घेऊन जावा. न्हाईतर उद्या आमची मंडळी यष्टीनं आनून सोडतील."

विहीणबाई केशरबाईंनी लगेच होकारार्थी मान हलवली. जावई कारखान्याच्या पाळीवर गेलेले, त्यामुळं काकासाहेबांच्या बाजूनं बोलणारं कुणीच नव्हतं. चांगुणा डोईवरचा पदर सावरत उंबऱ्याशी उभी होती. तिची पेटी भरून दाराशी ठेवलेली होती. चहा द्यायला आली तेव्हा ती कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आबा, हुईल ना? मला आजच यायचंय." काकासाहेबांनी फेटा काढून खुंटीला अडकवला आणि बाह्या सरसावल्या.

तोवर बाजारातली माणसं अंगणात जमली होती. जनावरांत वावरणारी मंडळी ती! आजार कुणाचा आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, औषध तयार होतं. कुणी ओवा-हिंग सुचवला. कुणी म्हणालं, पोटात वात धरलाय, जरा चालवून आणा. एका म्हाताऱ्यानं तर तापल्या सळईनं डाग द्यायला सांगितला, कुठं द्यायचा ती जागाही बोटानं दाखवली. काकासाहेब या सगळ्यांकडं तुच्छतेनं बघून हसले. तेल पातळ झालंय, दाट तेल घातलं की दाब येईल, हे त्यांचं निदान. त्यांनी बैलगाडीच्या वंगणासाठी ठेवलेलं एरंडेल मागवलं आणि तांब्याभर इंजिनात ओतलं.

काटा थरथरला, वर आला. काकासाहेबांनी जमलेल्या लोकांकडं असं पाहिलं की एकदोघांनी नकळत हात जोडले. मग मागच्या नळीतून पांढरा धूर निघाला, सगळ्या आळीत जुलाबाच्या औषधाचा वास पसरला, आणि काटा पुन्हा झोपला.

अशा वेळी मच्छिंद्र आला. मच्छिंद्र हा व्याह्यांचा पुतण्या, जनावरांच्या ट्रकवर ड्रायव्हर. आवाज हॉर्नसारखा आणि स्वतःवर विश्वास काकासाहेबांपेक्षाही जास्त. दोन शहाणी माणसं एका बानेटखाली वाकली म्हणजे काय होतं ते सांगायला नको. काटाच खोटं बोलतोय, असं मच्छिंद्रनं आल्या आल्या सांगून टाकलं. त्यानं काट्याकडं जाणारी बारीक नळी सोडवली आणि इंजिन सुरू करायला लावलं. नळीतून तेलाची चिळकांडी उडायला हवी होती. आलं ते नाक गळावं तसं थेंब थेंब. म्हणजे काटा बिचारा खरं बोलत होता. मग बेअरिंगं झिजलीत, इंजिन संपलं, असं मच्छिंद्रनं तितक्याच मोठ्या आवाजात जाहीर केलं. काकासाहेब मटकन जोत्यावर बसले. त्यांचा चेहरा बघून मच्छिंद्रलाही जरा वाईट वाटलं असावं.

"एकच आशा हाय," तो म्हणाला. "खालचं चेंबर खोलतो. त्यात तेल साठतं अन् तिथून पंप जाळीतनं तेल वर वढतो. जाळीत काय अडाकलं आसंल तर वर तेल जायाचं न्हाई. इंजिनात कायतरी पडलं हुतं का, पाव्हनं?"

आणि काकासाहेबांना आठवलं!

पोळ्याच्या दिवशी गावातले बैल सजून मारुतीला निघाले होते. वाजत गाजत दारावरून जात होते. काकासाहेब घरात दार लोटून बसले होते. रंगूबाईंनी सवयीनं पुरण घातलं होतं आणि भरलं ताट घेऊन त्या रिकाम्या गोठ्याच्या दाराशी नुसत्याच उभ्या होत्या. ते काही काकासाहेबांना बघवलं नाही. त्यांनी रंगूबाईंना मोटारीपाशी नेलं. मोटारीला हळदकुंकू झालं, ओवाळणं झालं. मग घास द्यायचा कुठं, हा प्रश्न आला. पेट्रोलचं तोंड पाठीमागं, ते बरं दिसत नव्हतं. पाण्याचं तोंड अरुंद. तेव्हा इंजिनाच्या कडेचं तेल घालायचं नळकांडं हेच खरं तोंड, असा निर्णय काकासाहेबांनी मोटारीतला जाणकार म्हणून दिला. एक आख्खी पुरणपोळी त्यांनी स्वतःच्या हातानं, घास घास करून, मायेनं आत सारली. नीट गिळली जावी म्हणून काडीनं ढकलली. त्यानंतर वाटेला चिखल, म्हणून मोटार हलली ती थेट आज.

"चेंबर खोलू नको," काकासाहेब ताडकन म्हणाले.

मच्छिंद्र पाना घेऊन खाली सरकला होता, तो तसाच थांबला. काकासाहेबांनी घाईघाईनं सांगायला सुरुवात केली. बेअरिंगंच गेलीत. तू म्हणतोस ते अगदी बरोबर. इंजिन पार संपलं. मी आपला भाड्याचे बैल लावून तिला ओढत नेतो, भंगारात घालतो, पण उगाच पोट फाडायला नको. गेलेल्या जिवाचे हाल कशाला! मघापर्यंत मोटारीची नाडी धरून बसलेला माणूस आता तिला तिरडीवर बांधायला निघालेला बघून लोक चक्रावले. व्याह्यांनी डोळे बारीक केले. बैल लंगडा असला की विकणारा त्याला उभाच का ठेवतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काकासाहेबांच्या डोळ्यांपुढं पुढची सगळी वर्षं उभी राहिली. दर लग्नात, दर बारशात, दर बाजारात हीच गोष्ट निघणार! यंत्राचा जमाना हाय म्हणणाऱ्या माणसानं यंत्राला पुरणपोळी चारली! त्यापेक्षा मोटार गेलेली परवडली. तेवढ्यात त्यांची नजर उंबऱ्याकडं गेली. चांगुणानं दाराशी ठेवलेली पेटी उचलली होती आणि ती आत घेऊन चालली होती.

"पेटी ठिव खाली, पोरी. जड हाय ती," काकासाहेब म्हणाले. आणि मग खाली वाकून, अगदी बारीक आवाजात, "खोल बाबा."

चेंबर खाली आलं. जाळी कसली, काळपट लगद्यानं लिंपलेली चूलच म्हणा! मच्छिंद्रनं लगदा बोटावर घेऊन चोळला, वास घेतला, पुन्हा घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला काय बोलावं ते सुचेना. व्याही पुढं झाले. त्यांनी चिमूट उचलून उन्हात धरली.

"पुरन हाय," ते म्हणाले.

काकासाहेबांनी घसा खाकरून सांगितलं की उंदरानं नेलं असेल. आमच्याकडं उंदीर फार झालेत.

व्याह्यांनी मान डोलावली. "आसंल. पर उंदीर तेलाच्या तोंडाचं झाकन लावून बी घेतो का?"

व्याही समोर काही हसले नाहीत. माणूस सभ्य! रॉकेल आणतो म्हणून ते घरात गेले, आणि आतून प्रथम डबे पडल्याचा आणि मग असा काही आवाज आला की केशरबाई घाबरून धावल्या. पाठोपाठ त्यांचाही आवाज सुरू झाला. मग बाजारकऱ्यांनी लाजलज्जा सोडली. डाग द्यायला सांगणारा म्हातारा तर हसता हसता जोत्यावरून घसरला.

जाळी रॉकेलनं धुतली, चेंबर पुसून बसवलं, नवं तेल घातलं. इंजिन सुरू होताच काटा टणकन उभा राहिला तो राहिलाच. टकटकाट थांबला. व्याह्यांनी दिलेला शब्द पाळला. केशरबाईंनी चांगुणाची ओटी भरली, पेटी मागं चढली. निघताना व्याह्यांनी खिडकीत वाकून गंभीरपणे सांगितलं की शिदोरी पोरीजवळ दिलेली आहे, माणसांपुरतीच आहे.

घोडेगाव मागं पडेपर्यंत काकासाहेबांनी मान वळवली नाही. घाट उतरला, नगर गेलं, काटा जागच्या जागी होता. पण जिंकल्याचा आनंद काही होईना. निदान लेकीनं तरी काही विचारलं नाही, पोरगी गुणाची आहे, असं ते मनाशी म्हणत होते. मागच्या सीटवरून ती इतकी शांतपणे बाहेर बघत होती की तिला झोप लागली असावी असंच त्यांना वाटलं.

"आबा," चांगुणा म्हणाली, "आदल्या दिवशी खांदेमळनी बी केली आसंल ना?"

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना तुपाहळदीनं मळतात, हे लेकीला काकासाहेबांनीच लहानपणी शिकवलं होतं.

"केली," ते म्हणाले.

"पर खांदं कुठंयत हिला?"

"पुढच्या चाकांवरचं ते गोल पत्रं हायेत ना," काकासाहेब म्हणाले, "त्येच धरलं." आणि मग आरशात तिच्याकडं बघत, "तूप जरा जास्तच लागलं. हसू नको गं एवढी. पोटाला धक्का बसंल."