तीन पन्नासची काच

आमच्या घराला खिडक्या सहा, पल्ले बारा आणि काचा चोवीस. त्यांतल्या तेवीस साध्या, एक फुलांची. मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी स्वतः मोजल्या, तेव्हा चोवीसच्या चोवीस शाबूत होत्या. नऊ वाजून वीस मिनिटांनी तेवीस उरल्या.

गेली ती फुलांची!

तुम्ही म्हणाल, सुट्टीच्या दिवशी सकाळी काचा कोण मोजतं? मी मोजते. आई दोन दिवस खाप्याला गेली होती, मामाच्या नातवाच्या बारशाला. निघताना ती फाटकातून म्हणाली होती, "घर जसं ठेवून चालली तसंच दिसलं पायजे!" आता 'जसं' म्हणजे कसं, हे लिहून ठेवल्याशिवाय पडताळणार कसं? मी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. आहे. यादी केली. डबे, बरण्या, चमचे, काचा. आणि बाबांना ऐटीत सांगितलं, "आई यायच्या आत कूलरसुद्धा लावून टाकू. फक्त मी सांगते तसं करा. सगळा खेळ बलांचा असतो."

बाबा, म्हणजे रुपराव, हिंगण्याच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं "हाव" म्हटलं.

नागपुरात मार्च संपला की घरोघरी कूलर निघतात. आमचा कूलर मागच्या छपरीत असतो. लोखंडी, वयाने माझ्याहून मोठा, वजनाने एखाद्या तरुण म्हशीएवढा. तो स्टँडसकट उचलून घराच्या कडेच्या बोळातून समोरच्या खिडकीपर्यंत आणायचा. बाबा पुढे, उलटे चालत. मी मागे, हुकूम सोडत. स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ आलो आणि मी ओरडले, "डावीकडे!"

बाबा डावीकडे गेले. त्यांच्या डावीकडे.

मीही डावीकडे गेले. माझ्या.

समोरासमोर तोंड करून उभ्या असलेल्या दोन माणसांचं डावं एकमेकांच्या विरुद्ध असतं, हे मला दुसऱ्या वर्षाच्या पेपरात बरोबर आलं होतं. कूलर आमच्या दोघांमध्ये चक्कीसारखा फिरला आणि स्टँडचा पाय खिडकीतून थेट ओट्यावर!

"अरे बापा!" बाबा म्हणाले.

"बाबा, एकच तर काच फुटली! नवी आणू. साधी लावू, उजेडही जास्त येईल."

"उजेडच नको!" बाबा एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या कांताकाकू भिंतीवरून डोकावल्या. "काय झालं गा रुपरावभाऊ?"

"काही नाही, कूलर!" बाबांनी सांगितलं. आमच्या गल्लीत या दिवसांत एवढं उत्तर पुरतं.

आता ही काच काय होती, ते सांगायला हवं. स्वयंपाकघराच्या त्या खिडकीच्या वरच्या दोन काचा आईच्या डोक्याच्या वर येतात. खालच्या दोनपैकी एकीसमोर पाण्याचा फिल्टर. गॅसपाशी उभं राहिलं की फाटक दिसायचं ते या एकाच काचेतून, आणि ते सुद्धा दिसायचं म्हणजे काय? काचेत दाबलेली जाड जाड फुलं. पलीकडचा माणूस नुसता रंगाचा डाग व्हायचा. लहानपणी मी ओट्यावर बसायचे आणि आई माझी परीक्षा घ्यायची. पांढरा डाग? दूधवाला! खाकी? पोस्टमन! पिवळा, मधेच थांबणारा? कांताकाकू, कढीपत्ता मागायला! आणि तीन पन्नासला, पहिल्या पाळीची कंपनीची बस वळणावर सोडून गेली की, एक निळा डाग. तो फाटकात उमटला की आई चहाचं आधण ठेवायची. बेल नाही, हाक नाही. बाबा चप्पल काढून हातपाय धुऊन बसेपर्यंत चहा कपात. मी पुढे प्रकाशाचं वक्रीभवन शिकले ते पुस्तकातून, पण भेटलं होतं मला ते आमच्या ओट्यावर, तिसरीत.

बाबा गेल्या ऑक्टोबरात निवृत्त झाले. तरी निळा डाग चालूच होता. नव्या पोरांना मशीन शिकवायला साहेबांनी बोलावलंय म्हणून ते रोज दुपारी जेवून निघायचे, निळा शर्ट घालून, आणि तीन पन्नासला परत.

"बाबा, उजेड का नको?"

बाबा कूलरपाशी खाली बसले. काचेचे तुकडे उचलत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेबानं एकच महिना बोलावलं होतं मले."

"मग रोज जाता कुठे?"

"बगिच्यात. बाकावर बसतो."

"पाच महिने?"

"साडेचार. तिथं सव्वातीनलेच कंटाळा येते. मंग फाटकाबाहेर निंबाखाली उभा राह्यतो, तीन पन्नास होतपर्यंत. लवकर आत आलो तं तुझी आई म्हणन, आज बस लवकर कशी? त्या काचेतून तिले काई समजत नाही. निंबाखालचा निळा अन् झाडाचा हिरवा, सारं एकातएक. साधी काच लावली तं तिले दिसन, नवरा फाटकाबाहेर घड्याळ पाहून राहिला."

मी पटकन हसले. मग हसू आलं तसं गेलं.

"आई पाचला येते," मी म्हटलं. "आपल्याकडे सात तास दहा मिनिटं आहेत. तशीच काच आणू!"

धरमपेठेतली मोठी दुकानं रविवारची बंद. हिंगणा रोडवर संघपालभाऊंचं दुकान त्यांच्या घराच्याच पुढच्या खोलीत, म्हणून उघडं. मी चौकटीचं माप घेऊन गेले होते. प्रत्येक बाजूची तीन वाचनं, त्यांची सरासरी. नागपूरच्या मे महिन्यात सत्तेचाळीस अंशांना काच किती वाढेल तेही काढलं होतं. मिलिमीटरचे सहा शतांश.

"फुलाची काच?" संघपालभाऊ हसले. "ताई, दहा वर्षं झाली, कोनी मागत नाही. आता सारे स्लायडिंग लावून राहिले. साधी घेऊन जा, वरून स्टिकर लावा. धुंधला दिसते." त्यांनी स्टिकरचा उरलेला एकमेव गुंडाळा उलगडला. न्हाणीघराचा होता. त्यावर उड्या मारणारे डॉल्फिन!

मी बाबांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "काय वं, मी कंपनीतून येऊन राहिलो का समुद्रातून?"

मग साधीच काच घ्यायची, धूसर कशी करायची ते नंतर बघू, असं ठरलं.

"एक सूत कमी कापू का ताई?" संघपालभाऊंनी विचारलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार आणि काचवाल्यांचं माप.

"अजिबात नाही!" मी म्हटलं. "माप त्रुटीसकट घेतलंय. चारशे सत्तावन्न गुणिले तीनशे पाच. बरोब्बर!"

त्यांनी बरोब्बर कापली. मी बरोब्बर घरी आणली. तीन कोपरे बरोब्बर बसले. चौथा बसेना, कारण आमची चौकट काटकोनातच नव्हती! वीस पावसाळ्यांत लाकूड आपल्या सोयीनं वाकलं होतं आणि मी बाजू मोजल्या होत्या, कोन मोजलेच नव्हते. मी अंगठ्यानं जरासा दाब दिला.

टक्क!

"सगळा खेळ बलांचा असते," बाबा म्हणाले.

नवी काच नंबर एक गेली. मी पुन्हा दुकानात. या वेळी शहाणी होऊन दोन्ही मापांतून एक सूत कमी करून कागदावर लिहिलं. संघपालभाऊंनी कागद घेतला, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, ते बोलत आत गेले, बाहेर येऊन काच कापली. मी घरी आणली. बाबांनी बाहेरून खाचेत ठेवली आणि हात सोडला. आणि काच, पोस्टाच्या पेटीत पत्र जावं तशी, चौकटीतून सरळ आत गेली! ओट्यावरून खाली. मी तुकड्यांचा आवाज ऐकला आणि त्या मोकळ्या चौकटीतून बाबांकडे पाहिलं.

"बाबा, मी एकच सूत कमी केलं होतं."

बाबा खाकरले. "मी फोन केला होता संघपालले. म्हटलं पोरगी मोजून मापून सांगते, तू आपला एक सूत कमीच काप."

मी संघपालभाऊंना फोन लावला.

"हाव ताई," ते म्हणाले, "बाबांचं एक सूत केलं. अन् दोन सूत मी आपल्या मनानं कमी केले. मंघाशी तुमची काच अडकली ना? गिऱ्हाईक कधी कमी सांगतच नाही!"

एक अधिक एक अधिक दोन, चार सूत. खाच दोन्ही बाजूंना दोन दोन सुतांची. मापन इतकं अचूक चुकलेलं मी प्रयोगशाळेतसुद्धा पाहिलं नव्हतं.

साडेबारा वाजले होते. बाबा उठले. त्यांनी जुना पेपर घेतला, खाचेत दाबला, चारी कडांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि दुमडीवरून फाडला. "हे ने. म्हणा, यावर ठेवून काप. कोनाले एक आकडाबी सांगू नको." मी आकडा सांगितला नाही. संघपालभाऊंनी विचारला, मी तोंड मिटून मान हलवली. त्यांना वाटलं माझा दात दुखतोय.

तिसरी काच बसली. वाकड्या चौकटीत, वाकडी कापलेली, अगदी चोख! आणि पाण्यासारखी स्वच्छ. निंबाची पानं मोजता येतील इतकी. बाबांचा चेहरा उतरला.

"आता हिले आंधळी कशी करावं?"

"पृष्ठभाग खरखरीत करायचा," मी म्हटलं. "प्रकाश विखुरतो."

बाबा एकदम ताठ झाले. "मंग असं बोल ना वं!" त्यांनी काच पुन्हा काढली, अंगणात पोत्यावर आडवी ठेवली आणि अवजारांच्या पेटीतून ग्राइंडिंग पेस्टची डबी काढली. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची ती काळी, कचकच करणारी पेस्ट. काचेवर बोटभर टाकली, पाण्याचे चार थेंब, आणि फुटलेल्या काचेचा एक गुळगुळीत तुकडा घेऊन गोल गोल घासायला लागले. "हात गोल फिरव. दाबू नको. तुया बलांचं आता पुरे."

मीही बसले. दोन वाजून दहा मिनिटांपासून आम्ही बापलेक घासत होतो. ऊन पाठीवर, दातांत कळ आणणारा तो आवाज, आणि मधे मधे बाबा सांगत होते. पहिल्या पगाराच्या दिवशी बस कशी चुकली होती. रात्रपाळीत सगळे मिळून पोहे कसे करायचे. नव्या पोरांना एका महिन्यात सगळं कसं येऊन गेलं, हुशार होते बिचारे. हे शेवटचं सांगताना त्यांचा हात जरा जोरात फिरला. काचेवर दुधासारखा पांढरेपणा खालून वर सरकत होता.

तीन चाळीसला आईचा फोन. "बस रिकामी भेटली वं. मी ऑटोत आहे, धा मिनटात येते!"

साडेचार सेंटिमीटरची पट्टी राहिली होती, वरच्या कडेला. राहिली तर राहिली! काच धुतली, लावली, कडेच्या लाकडी पट्ट्या ठोकल्या, कूलर हॉलच्या खिडकीला टेकवला. आई फाटकातून आली ती सरळ स्वयंपाकघरात.

"फुलं कुठी गेली?"

"कूलर," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

आईनं बाबांच्या काळ्या हातांकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या नाकाकडे पाहिलं. "दोन दिवस गेली तं हे!" एवढंच म्हणून ती पिशवीतून बारशाचे लाडू काढायला लागली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बाबा जेवून निळा शर्ट घालून निघाले. साडेतीनला आई गॅसपाशी आली. मी फिल्टरला टेकून उभी होते. तीन बत्तीसला आईनं मान जराशी वर केली. नेमकी पट्टीएवढी. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. निंबाखाली बाबा उभे होते. घड्याळ पाहत होते. एका मांजरीशी काहीतरी बोलले. पुन्हा घड्याळ. तीन एकोणपन्नासला त्यांनी कॉलर सारखी केली, खांदे थोडे पाडले आणि चेहऱ्यावर अख्ख्या पाळीची दमणूक चढवली.

आईनं आधण ठेवलं.

"लई काम होतं आज," बाबा आत येत म्हणाले.

"हाव. थकले असान. बसा, चहा होऊनच राहिला."

चहा घेऊन बाबा आडवे झाले. आईनं अंगणातली पेस्टची डबी आणि काचेचा तुकडा माझ्या हातात ठेवला.

"हे वरचं इतलं काहून सोडलं वं?"

"आई, तुला त्यातून..."

"मले काई दिसलं नाही. अन् हळू घास, ते झोपले आहेत."

काच बसवलेली, उभी. पेस्ट ओघळत होती. पट्टी तीस सेंटिमीटर बाय साडेचार. वेळ लागला एकवीस मिनिटं.