मोठी अक्षरे, सुरक्षित ॲप

एखादी वस्तू पूर्णपणे सुरक्षित ठेवायची असेल, तर ती वापरणाऱ्याच्या हाती लागू देऊ नये, हे सुरक्षाशास्त्राचे मूलतत्त्व आहे. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याने ते फारच मनावर घेतले.

दवाखान्याच्या ॲपमध्ये फेरफार करून कोणी रांगेत पुढे घुसू नये, म्हणून आत एक पहारेकरी बसवला आहे. (माणूस नव्हे. माणूस दारावर असतो. तो पुढे येईल.) मूळ रूपात तीळभर बदल दिसला, की ॲप आपणहून मिटते. आजवर फेरफाराचे एकशे बारा प्रयत्न असे हाणून पाडले. पैकी एकशे अकरा जणांनी अक्षरे मोठी केली होती. (उरलेल्याचा फोन खिशात दाबला गेला.)

आमच्या मावशीला मोतीबिंदू. शुक्रवारपर्यंत ॲपवर तारीख पक्की केली नाही, तर नंबर चार महिने मागे. दिसेना म्हणून तिने अक्षरे मोठी केली. लगेच सूचना आली, अर्थात बारीक अक्षरांत.

“काय म्हणतंय रे मेलं?”

“तू फेरफार केलास म्हणतंय.”

“मी? अगं बाई! लग्नात फोटोसुद्धा मी कडेला उभी राहून काढलाय!”

मी वाचून द्यायला शेजारून डोकावलो, तर कॅमेऱ्यात ‘दोन चेहरे’ दिसले म्हणून ॲप पुन्हा मिटले. शुक्रवारी आम्ही दवाखाना गाठला. खिडकीतला संगणकवाला नम्र होता.

“मावशी, अक्षरं लहान करा, उघडेल.”

“मग मला दिसेल कसं?”

“ऑपरेशननंतर स्वच्छ दिसेल.”

“मग दे की तारीख!”

“ती ॲपवर मिळते.”

यात चूक काढून दाखवा.

तेवढ्यात दारावरच्या वॉचमनने सुतळीने टेबलाला बांधलेली वही ओढली. “मावशी, सोमवारी दहाला या. डोकं धुऊन या, नंतर महिनाभर मिळायचं नाही.” डॉक्टर याच वहीवर चालतात. तीत फेरफार अशक्य; वॉचमनचे अक्षर वॉचमनलाच लागते, म्हणून रोज सकाळी तो स्वतः वाचून दाखवतो.

ऑपरेशन झकास झाले. मावशीने जाड चष्मा काढून, लहान अक्षरांत, ऐटीत ॲप उघडले. चष्म्याविना चेहरा पाहून पहारेकरी म्हणाला, ‘संशयास्पद बदल.’

वार्षिक अहवालात यशस्वी फेरफार शून्य आहेत. तो अहवाल बारीक अक्षरांत आहे, हा मजकूरही. तुम्ही आत्ता तो हात लांब करून वाचत असाल, तर हरकत नाही. अक्षरे मोठी केलीत, की फेरफाराच्या यादीत एकशे तेरावे नाव तुमचे.