आप्पांची पातळी

केशवआप्पांना "कसं काय, बरं हाय ना?" असं विचारलं की ते आकडा सांगतात. "पाच पॉइंट दोन. कालपासून स्थिर." एवढं बोलून ते आपल्याकडे बघत थांबतात. मग आपण आपला आकडा सांगायचा असतो. नाही सांगितला, तर ते आपल्या तोंडाकडे पाहून स्वतःच ठरवतात आणि वहीत लिहून टाकतात. त्या वहीत माझ्या नावापुढे आठच्या खालचा आकडा क्वचितच सापडेल.

आप्पा मुंबईला पाणी देणाऱ्या भातसाच्या धरणावर पस्तीस वर्षं नोकरीला होते. पट्टीवरची पाण्याची पातळी वाचायची आणि रजिस्टरात लिहायची, हे त्यांचं काम. पावसाळ्यात दर तासाला. निवृत्त होऊन ते आमच्या गावात राहायला आले, पण धरण त्यांच्या बोलण्यातून गेलं नाही. कोणाच्या घरी भांडण झालं की आप्पा म्हणणार, "आवक वाढली." कोणी रडून मोकळं झालं की, "विसर्ग झाला." माझ्या पुतणीच्या लग्नात पाठवणीला ती हमसून हमसून रडत होती, सगळ्या बायका डोळे पुसत होत्या, आणि आप्पा वऱ्हाडाला मोठ्याने धीर देत होते, "विसर्ग नियंत्रित हाय. काठावरच्यांनी घाबरायचं कारण नाय."

मोबाइलमधला आकडा मात्र नंतरचा. दोन वर्षांपूर्वी आप्पांची बायको, आमच्या काकी, गेल्या. मूलबाळ नव्हतं. आप्पांनी दार लावून घेतलं आणि जेवण सोडलं. कोणीतरी माझ्याकडे धावत आलं, कारण गावात त्या वेळी चालू गाडी फक्त माझीच होती. माझा गवताचा धंदा आहे. लोकांच्या माळावर मजुरीने गवत कापण्यापासून सुरुवात केली, आता स्वतःची वखार आहे, गाठी बांधायचं मशीन आहे. रिकाम्या टेम्पोत ताडपत्री अंथरून मी आप्पांना शहापूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "हे पुन्हा सुरू झालं तर लगेच आणा. पुढच्या वेळी उशीर झाला, तर माणूस हातात राहणार नाही."

तिथल्या समुपदेशक बाईंनी आप्पांच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. रोज संध्याकाळी ते विचारतं, आज मनाची पातळी किती, एक ते दहा. झोप किती, जेवण किती. आकडा फार खाली गेला, तर ॲप जवळच्या माणसाला कळवतं, आणि दर सोमवारी त्याला आठवड्याचा अहवालही पाठवतं. "पातळी" हा शब्द ऐकला आणि आप्पा खाटेवर उठून बसले. त्यांना परत ड्यूटी लागली होती. तेव्हापासून एक दिवस खाडा नाही. पॉइंट घालायची सोय नाही, एवढीच त्यांची त्या ॲपबद्दल तक्रार. म्हणून वही वेगळी.

जवळचा माणूस म्हणून आप्पांनी माझा नंबर दिला. मला विचारलं नाही. मेसेज आला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी ओटीपी काढायला बसलाय. नंतर कळल्यावर मी जाऊन विचारलं, "आप्पा, माझाच नंबर का?"

"दोनच पाठ हायत. एक तिचा. तो लागत नाय. दुसरा तुझ्या टेम्पोच्या मागं रंगवलाय, रोज दारावरून जातो."

आता माझी तक्रार. आप्पांच्या माळावरचं गवत बारा वर्षं मी घेत होतो. गेल्या दसऱ्याला भाव करायला बसलो. भाव करताना मी दोनदा उठून जातो, ही माझी पद्धत सगळ्या तालुक्याला माहीत आहे. आवाजही थोडा चढतो. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा आप्पांनी वही काढली.

"बाळू, तू नऊवर हायस." मला सगळे शेठ म्हणतात. बाळू म्हणणारे आता आप्पाच उरलेत.

"मग?"

"नऊ म्हणजे सांडव्याला टेकलं. अशा वेळी आमी दरवाजाजवळ उभं राहतो, बोलणी करत नाय. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी गेलो, तर गवत मुरबाडच्या एका व्यापाऱ्याला देऊन मोकळे! ज्या टेम्पोतून मी या माणसाला दवाखान्यात नेलं, त्याच टेम्पोला गवत नाकारलं. त्या दिवसापासून रोज सकाळी त्यांच्या दारात टेम्पो थांबवायचा, ओट्यावर उभं राहून चार शब्द सुनवायचे आणि पुढे जायचं, हा माझा नेम झाला. दिवाळी गेली, भाताची झोडणी झाली, मी थांबलो नाही. आप्पाही उलट बोलायचे. "बारा वर्षं भाव पाडलास, तेव्हा नाय लाज वाटली?" म्हणायचे. मी पोचेपर्यंत चहाच्या दोन कपबशा मात्र भरून तयार असायच्या. चहा पिऊन भांडण पुन्हा पहिल्यापासून.

संक्रांतीनंतर बायको म्हणाली, "रोज उठून म्हाताऱ्या माणसाशी भांडता, लोक काय म्हणतील?" मलाही कंटाळा आला होता. मी नदीकडचा रस्ता धरला. तीन आठवडे आप्पांच्या दारावरून गेलो नाही. कळू दे म्हटलं, माझ्याशी संबंध तुटला म्हणजे काय ते.

सोमवारचे अहवाल येत होतेच. एरवी आप्पांचा आकडा पाच-सहाच्या पलीकडे जात नसे. पाचच्या खाली जायची त्यांना भीती, कारण साठा कमी झाला तर मुंबईला पाणी कुठून द्यायचं? पहिल्या सोमवारी सात आणि आठ दिसले. दुसऱ्या सोमवारी नऊ. तिसऱ्या सोमवारी मी धसईच्या बाजारात एका शेतकऱ्याशी भाव करत उभा होतो. फोन वाजला. उघडला तर पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडताहेत आणि खाली लिहिलंय, "अभिनंदन! केशव यांचा आठवडा खूप आनंदात गेला. ९, ९, ९, १०, १०, १०, १०."

माझं डोकं फिरलं. माझं गवत दुसऱ्याच्या घशात घालून हा माणूस दहा-दहा टाकतोय! तीन आठवडे मी तोंड दाखवलं नाही, तर हा आनंदाने फुलतोय! सौदा अर्धवट टाकला, मोटरसायकल काढली आणि थेट गाव गाठलं. वाटेत सगळं भाषण तयार केलं होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत शिरतानाच ओरडलो, "काय हो आप्पा, दहा? लाज नाय वाटत दहा टाकायला?"

आप्पा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली. गालफडं बसलेली. मोरीजवळ कपबशा उपड्या, आणि त्यांच्यावर धूळ.

"आलास?" आप्पा म्हणाले. आवाज जेमतेम येत होता. "दहा झालंय रे. काठोकाठ. चार दिवस इशारा देतोय. खालून कोणाचं उत्तर नाय."

मी तसाच उभा राहिलो. पस्तीस वर्षं ज्या माणसाने पट्टीवर चढणारा आकडा धोका म्हणून लिहिला, तो दहा हा आकडा आनंदाचा म्हणून कसा टाकेल? तो बुडत चालला होता आणि रोज संध्याकाळी न चुकता कळवत होता. फोन रोज त्याचं अभिनंदन करत होता. आणि ज्याला आप्पांचा नऊ म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं, तो मी, फोनवर विश्वास ठेवून बाजारात भाव करत होतो.

"अहो, दहाच्या वर हसरं तोंड काढलंय ना त्यात. बघितलं नाय?"

"तोंडं अडाण्यांसाठी. आमी आकडा वाचतो."

टेम्पो बोलावला. आप्पांना उचलून ठेवताना कळलं, वजन गवताच्या गाठीएवढंही उरलेलं नाही. दवाखान्यात सलाईन लागलं, गोळ्या बदलल्या. "आज आणलंत म्हणून," एवढंच डॉक्टर बोलले.

तिसऱ्या दिवशी समुपदेशक बाई आल्या. त्यांना आकड्यांचा उलगडा केला, तेव्हा त्या कपाळाला हात लावून बसल्या. मग आप्पांना समजावू लागल्या, की एक म्हणजे वाईट आणि दहा म्हणजे छान. आप्पांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "साहेब, एवढ्या वर्षांची पट्टी उलटी होणार नाय." शेवटी बाईंनी फाईलवर लाल पेनाने लिहिलं, "यांचा आकडा उलटा वाचावा."

नंतर त्यांनी विचारलं, "आप्पा, पाच-सहा होतं की सगळं. या तीन आठवड्यांत काय झालं?"

आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "याचं येणं बंद झालं."

"पण हे तर भांडायला येतात ना?"

"मग? ती गेल्यापासून सगळी माणसं माझ्याशी हळू आवाजात बोलतात. जेवलात का, गोळी घेतली का. घरात मेलेलं माणूस मीच हाय जसा काय. हा एकटा येऊन माणसासारखा भांडतो."

मी म्हटलं, "आप्पा, म्हणून गवत दिलं नाय?"

"दिलं असतं तर तू दसऱ्याला आला असतास. आणि मग पुढच्या दसऱ्याला."

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. आजवर भले भले व्यापारी मी कोळून प्यायलोय. या म्हाताऱ्याने एक माळ गवत सोडून माझी रोजची सकाळ घेतली होती, आणि मला पत्ता नव्हता.

आप्पा घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात टेम्पो थांबवला. आप्पा ओट्यावर बसले होते, दाढी केलेली, अंगावर शाल. माझी वाटच बघत होते. मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, भांडायला माझ्याकडे काहीच उरलं नाही. राग शोधला, सापडला नाही. आप्पांच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली. मी इकडेतिकडे बघितलं. परसाला कारवीचं कुंपण होतं.

"हे कुंपण कोणी बांधलं?" मी आवाज चढवला. "शेळीसुद्धा हसत आत येईल!"

"मी बांधलंय," आप्पा म्हणाले.

"तेच म्हणतोय मी! एक गाठ धड नाय!"

"तुला काय कळतं रे कुंपणातलं, गवतवाल्या?" आप्पांनी शाल बाजूला टाकली, भिंतीचा आधार घेतला आणि एकेक पायरी उतरत मला ती गाठ दाखवायला निघाले.

मी टेम्पोचं इंजिन बंद केलं.