गुलाबी कोटातले निनावे

आमचे शेजारी भाऊराव निनावे कोल्हे मारून विकतात, अशी लेखी तक्रार मी वनखात्याकडे केली. खाली सुवाच्य अक्षरात सही केली. फोन नंबरही दिला.

संशय यावा असा तो माणूसच होता. शहराबाहेर वाडीच्या गोदामांमागे आमचा प्लॉटांचा लेआउट संपून शेतं लागतात, तिथे त्यांचं शेवटचं घर; मी दिवाळीनंतरच इथे राहायला आलो होतो. खोल्या दोन, कुत्री अकरा. दर रविवारी उजाडलं की सत्तरीचे निनावे लाल कोट घालून वीतभर पितळी तुतारी फुंकायचे आणि सगळी कुत्री भुंकत शेतात सुटायची.

"एवढे कुत्रे कशाला?" मी एकदा विचारलं.

"कुत्रे नाही गा, हाउंड. साडेपाच जोड्या."

"म्हणजे अकराच ना?"

"हाउंड जोडीनंच मोजतेत. कायदा आहे त्याचा."

"आणि हा लाल कोट?"

"लाल नाही, गुलाबी. सायब लोक गुलाबीच म्हनत."

कोट भिवापुरी मिरचीसारखा लाल होता. भर उजेडात लालला गुलाबी म्हणणारा माणूस अंधारात काय काय करत असेल, असं माझ्या मनात आलं.

इतिहास तर ते न विचारताच सांगायचे. कामठीच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांनी म्हणे विलायतेहून जहाजानं हाउंड आणले. तिकडे खोकडामागे, म्हणजे फॉक्समागे, घोडे घालायचे, इथे आपल्या कोल्ह्यावर भागवलं. निनाव्यांचे आजोबा हातमाग सोडून ते हाउंड सांभाळायला लागले. साहेब जायला निघाले तेव्हा हुकूम सुटला, सगळ्यांना गोळ्या घाला. आजोबांनी एक जोडी सुताच्या गाठोड्यांखाली लपवून बैलगाडीतून पळवली.

"तवापासून पॅक टिकून आहे," निनावे सांगायचे. "मधात गल्लीतले जावई आले, पन आवाज थोच!"

यातलं मला काही पटलं नाही. मला दिसायचं ते पोतं. रविवारी आधी निनावे एकटेच एक पोतं दोरीनं फरफटत शेतात नेत, रिकाम्या हातानं परत येत, मग कुत्री सोडत आणि शेवटी पोतं खांद्यावर टाकून आणत. कोल्ह्याचं शिंग तिजोरीत ठेवलं की बरकत येते, असं मानणारे लोक आहेत आणि ते विकणारे भामटेही आहेत. कोल्ह्याला शिंग नसतं, हे मला माहीत होतं. पण संशय चढला की शाळेत शिकलेलं काही कामाला येत नाही.

पुढच्याच रविवारी वनरक्षक मॅडम आल्या आणि फोन करून मलाही बोलावलं. त्यांनी पोतं उघडलं. आत चिंध्या आणि बडीशेपेचा घमघमाट.

"कोल्हा कोन मारते?" निनावे म्हणाले. "माह्या बापानंच शिकार बंद केली. बडीशेपेच्या तेलाचं पोतं वढत नेतो, हाउंड त्या वासामागं धावतेत. बस."

"काका, मग माझ्याजवळून न हलता पळवून दाखवा. शिकारीचे कुत्रे निघाले, तर मला जप्त करावे लागतील."

निनाव्यांचा चेहरा उतरला. "तुमच्यापाशी उभा राहू, तं पोतं कोन वढन?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "तक्रार तुमचीच ना?"

मी पोतं ओढलं. तुरीच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं, नाल्याकाठच्या बाभळीपर्यंत. तिथे खाली बसून राहायचं, असं निनाव्यांनी बजावलं होतं. पण मागून साडेपाच जोड्यांचा कल्लोळ आला आणि मी झाडावर गेलो. बाभूळ ही चढायची वस्तू नाही, हे वर गेल्यावर कळलं.

कुत्र्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पोतं हुंगलं आणि झाडाखालच्या एका चपट्या दगडाभोवती ती कुंईकुंई करत फिरू लागली.

निनावे धापा टाकत आले, मागून मॅडम.

"इथं काय शोधून राहिले हे?" मॅडमनी विचारलं.

"माह्या बायकोले," निनावे म्हणाले. "पोतं थेच वढत होती. मंग भाकरी घेऊन या दगडावर बसे. दिवाळीच्या आधी गेली. आता मीच वढतो, मीच सोडतो. हे धावत येतेत, अन् इथं कोनीच नसते."

मॅडमनी वहीत 'शिकार आढळली नाही' असं लिहून माझी सही मागितली. मी वरूनच केली.

"निनावे," मी म्हणालो, "चुकलो मी."

"थे जाऊ दे. माहे गुडघे गेले गा. पुढच्या रविवारी येशीन का पोतं वढाले?"

"येईन."

"भाकरी घेऊन येजो. अन् खाली बसजो," त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. "कोल्हा काही झाडावर चढत नाही. त्याले अक्कल असते."