चाक एक, लिंबं चार

मोठ्या कंपन्यांना अक्कल नसते, हे गौरीशंकरचं ठाम मत होतं. पैसा असतो, मैलभर लांबीचे कारखाने असतात, पण अक्कल मिळते ती भूमच्या बाजारपेठेत, आणि तीही त्याच्याच दुकानात. दुकान स्पेअर पार्ट्सचं, रुंदी साडेआठ फूट. या साडेआठ फुटांनीच त्याचा घात केला होता. पुण्याच्या एका बड्या दुचाकी कंपनीकडं त्यानं दोनदा एजन्सी मागितली आणि दोन्ही वेळा उत्तर आलं, की शोरूमसाठी जागा अपुरी आहे. दुकानावर ‘अधिकृत विक्रेता’ अशी कंपनीची पाटी आणि पाटीवर आपला फोटो, एवढंच त्या माणसाला आयुष्यात पाहिजे होतं.

मग भाचा सोमेश देवासारखा धावून आला. बेंगळुरूत नोकरीला असताना त्यानं परदेशातून विजेवर चालणारी एकचाकी मागवली होती. म्हणजे मधोमध एक जाडजूड चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पट्ट्या, बास. सीट नाही, हँडल नाही. पुढं झुकलं की पळते, मागं रेललं की थांबते. सोमेशनं ती तीन आठवडे चालवली, मग त्याचं मनगट मोडलं आणि त्यानं ती मामाला मोठ्या प्रेमानं भेट दिली.

ती बघितली आणि गौरीशंकरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुचाकीला जागा कमी पडते ना, मग एकचाकीला निम्मी पुरेल! साडेआठ फुटांत अशा साठ गाड्या भिंतीला टेकवून ठेवता येतील. टेकवूनच, कारण आपणहून ती उभी राहत नसे. त्यानं त्याच दिवशी कंपनीला पत्र धाडलं. ‘एकचाकीच्या बाबतीत आपल्यासारख्या मोठ्या कंपन्या इतक्या मागं का? हिंमत कमी पडत असेल तर माणूस पाठवा. मी चालवून दाखवतो.’

“अहो, तिच्यावर वळायला तरी येतंय का तुम्हाला?” बायको शिवलीलानं विचारलं. सतरा दिवस ती त्याची प्रॅक्टिस बघत होती आणि हळदीचा लेप उगाळत होती.

“भविष्य सरळ रेषेत असतंय,” गौरीशंकर म्हणाला. “वळायचं कशाला?”

आणि कंपनीनं खरंच माणूस पाठवला. म्हणजे बाई पाठवली. अर्पिता मॅडम, नव्या वाहनांच्या सर्वेक्षणाच्या प्रमुख, हातात छापील फॉर्म. गौरीशंकरनं त्यांना मुद्दाम आठवडी बाजाराच्या दिवशी बोलावलं होतं. गर्दी दिसली की मागणी दिसते, असा त्याचा हिशेब. दुकानासमोर पन्नासेक माणसं जमली, तसा तो खुर्ची पुढं ओढून बसला.

“मॅडम, एवढी मोठी तुमची कंपनी, अन् एका चाकाला भिता?”

“भितो,” मॅडम सरळ म्हणाल्या. “दुचाकीची बॅटरी संपली तर गाडी थांबते. हिची संपली तर माणूस तोंडावर पडतो, कारण तोल मोटारच सांभाळते. तो पडला की नोटीस आम्हाला. आरटीओकडं अजून हिच्यासाठी रकानाच नाही. तुम्हाला शिकायला किती दिवस लागले?”

“हुशार माणसाला सतरा.”

“सतरा दिवस पडून मग गाडी विकत घेणारे तालुक्यात किती निघतील? आमच्या कारखान्यातून रोज हजारो गाड्या बाहेर पडतात. गिऱ्हाईक दहा असलं, तर कारखाना कशाला हलवायचा?”

“आन् कारभारीण कुठं बसायची हो?” गर्दीतून एकानं विचारलं.

“चालत येईल,” दुसऱ्यानं परस्पर सांगितलं. “तशी बी आधी तीच पोचंल.”

लोक हसले. गौरीशंकरला ते कौतुक वाटलं.

“हे बघा,” मॅडमनी फॉर्म उघडला. “मी आधीच नाही म्हणणार नाही. ‘एकचाकी वाहन’ या सदरात पाच प्रश्न आहेत. चालवणाऱ्याशिवाय दुसरं माणूस बसतं का, ओझं नेता येतं का, सोडल्यावर उभी राहते का, न शिकता चालवता येते का, परवाना लागतो का. चार उत्तरं मनासारखी आली तर मी शिफारस करते, आणि पहिली एजन्सी तुमची.”

गौरीशंकर ताडकन उठला. तेवढ्यात आतून त्याची आई, चन्नम्मा, हातात ताट घेऊन आली.

“पूजा केल्याबिगर चढू नगंस. सतरा दिस का आपटतोयस, ते आत्ता कळलं मला.”

एकचाकीला विभूतीचे पट्टे ओढले, फूल वाहिलं. मग लिंबाचा प्रश्न आला. नव्या वाहनानं लिंबू चिरडून निघायचं, ही रीत. मोटारीला चार लिंबं, फटफटीला दोन.

“मग हिला एक,” गौरीशंकर म्हणाला.

“बाई पुण्याहून आलीया, अन् तू एका लिंबावर भागवतोस व्हय? चार ठेव.”

आईपुढं त्याचं कधीच चाललं नव्हतं. चाक एकच असल्यामुळं चारही लिंबं एकापुढं एक, रांगेत मांडली गेली. गौरीशंकरनं शिवलीलाच्या खांद्याचा आधार घेतला, पट्ट्यांवर पाय रोवले, मॅडमला नमस्कार केला आणि पुढं झुकला.

पहिलं लिंबू फुटलं. टाळ्या पडल्या. दुसरं फुटलं. शिट्ट्या आल्या. तिसरं फुटेपर्यंत चाक रसानं चिंब झालं होतं आणि खाली होती गुळगुळीत शहाबादी फरशी. चाक सर्रकन सरकलं, गौरीशंकर तोल सावरायला पुढं वाकला. मशीनला वाटलं, मालकाला घाई आहे. ते सुसाट सुटलं.

बाजारपेठ सरळ होती, हे त्याचं भाग्य. ती पुढं वळत होती, हे दुर्भाग्य. गौरीशंकर मेथीच्या जुड्यांमधून गेला, चपलांच्या दुकानाच्या ताडपत्रीखालून गेला. लोक बाजूला होऊन टाळ्या वाजवत होते. मशीन धोक्याची पीप-पीप करायला लागलं, तर एक म्हातारा म्हणाला, “हॉर्न चांगला हाय.” जिथं रस्ता वळला तिथं गौरीशंकर वळला नाही. समोर बांधकाम चालू होतं आणि वाळूचा ढीग होता. एकचाकी अलीकडं थांबली, गौरीशंकर पलीकडं.

ढिगाशेजारी दगडोबा गवंडी तंबाखू मळत बसला होता. त्यानं तंबाखू शांतपणे तोंडात टाकली आणि मग विचारलं, “लागलं काय, शेठ?”

घोटा भाकरीएवढा सुजला होता. दवाखाना बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, आणि बाजाराच्या दिवशी आत रिक्षाही शिरत नाही. दगडोबानं इकडंतिकडं बघितलं, बांधकामावरची हातगाडी ओढली. तीच ती, पुढं एक चाक, मागं दोन दांडे, मध्ये पत्र्याचं पसरट टोपलं. त्यात रिकामं पोतं अंथरून त्यानं शेठला उताणं घातलं आणि निघाला.

एवढ्यात मॅडम धापा टाकत पोचल्या. गौरीशंकर ठीक आहे, हे बघून त्या हातगाडीबरोबर चालू लागल्या. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी चाकाकडं बघितलं. मग फॉर्मकडं बघितलं. मग पेन काढलं.

“काका, हिच्यात माणूस बसतं?”

“बसलंय की. दिसतंय न्हवं?”

“ओझं किती नेते?”

“सिमिटाची दोन पोती, आरामात.”

“सोडल्यावर उभी राहते?”

दगडोबानं दांडे खाली टेकवून सोडले. “ऱ्हायली.”

“शिकायला किती दिवस लागले?”

दगडोबा विचारात पडला. “हे बी शिकावं लागतंय व्हय?”

“आणि परवाना?”

“कुणाचा?”

गौरीशंकर आभाळाकडं तोंड करून पडला होता. त्याला ना फॉर्म दिसत होता, ना हातगाडीकडं वळलेलं मॅडमचं बोट. त्याला फक्त होकारावर होकार ऐकू येत होते. हा दगडोबा, ज्याच्याशी आपण कधी धड बोललो नाही, तो आपल्या मशीनची वकिली करतोय, थापा मारतोय, पण आपल्यासाठी! त्याचे डोळे भरून आले. ठणका विसरून त्यानं पडल्या पडल्या हात जोडले आणि प्रसन्न हसला. मॅडमनी तेवढ्यात मोबाइलवर फोटो काढला.

“मॅडम, किती जमली?”

“पाचही,” मॅडम म्हणाल्या.

महिनाभर पाय प्लास्टरमध्ये होता, पण गौरीशंकरचा रुबाब बघण्यासारखा. चौथं लिंबू तसंच राहिलं म्हणून पडलास, असं चन्नम्मा येईल त्याला सांगत होती. गौरीशंकर सांगत होता, की आपण पडलो, पण कंपनीला उभं केलं. त्यानं दुकान रिकामं केलं, भिंती रंगवल्या, उद्घाटनाचा नारळसुद्धा आणून ठेवला.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात टेम्पो आला. सोबत मॅडमचं पत्र. ‘आपलं म्हणणं खरं निघालं. एका चाकाला मागणी आहे, मागं आम्हीच होतो. आमच्या शेतीअवजारांच्या विभागानं आपल्याला जिल्ह्यातला पहिला अधिकृत विक्रेता नेमलं आहे. जागा पुरेशी आहे.’ टेम्पोत कंपनीची पाटी होती आणि चाळीस हातगाड्या. एकात एक बसवलेल्या, हिरव्याकंच, दांड्यांना रबरी मुठी.

गौरीशंकरनं उद्घाटनाचा नारळ आत नेऊन ठेवला. पाटी मात्र त्यानं त्याच दिवशी लावली, कारण पाटी ती पाटी. वर मोठ्या अक्षरांत ‘अधिकृत विक्रेता’, मध्ये त्याचा फोटो. हात जोडलेले, चेहऱ्यावर हसू, खाली पोतं. शिवलीलानं पाटी वरपासून खालपर्यंत वाचली.

“फोटो झकास आलाय,” ती म्हणाली. “फक्त त्याच्याखाली कंपनीनं जे लिहिलंय, ते झाकता आलं तर बघा.”

खाली लिहिलं होतं: ‘माल असो की मालक, सुखरूप पोचवते.’